हजीऱ्याचा वारा, कडोदऱ्याचा ऊस

सुरतेवर काही लिहायचं म्हटलं की लोकांना आधी खाण्याची यादी लागते. लोचो कुठला, घारी कुठली, उंधियू कोणाकडचं. त्यातलं बरंच मी त्या चार दिवसांत खाल्लंही, कारण माणूस कितीही वाईट वेळेत सापडला तरी भूक लागतेच आणि मला जरा जास्तच लागते. पण हे वाचून कोणाला सुरतेला जावंसं वाटेल अशी आशा नाही. त्यात दोष सुरतेचा नाही, माझा आहे. तो कसा, तेच सांगायला बसलोय.

मी अमळनेरचा. लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि सहा वर्षांपासून ड्रोन उडवतो. सुरुवातीला कुठेही, कसाही उडवायचो. मग पारोळ्याला एका हळदीत एकदम वाऱ्याचा झोत आला, ड्रोन मांडवाच्या कापडात शिरला आणि नवरीच्या मावशीच्या कपाळाला चार टाके पडले. मावशी भली बाई, तिने विषय वाढवला नाही. मी मात्र कानाला खडा लावला. त्या दिवसापासून वाऱ्याचं ॲप बघितल्याशिवाय माझ्या बॅगची चेन उघडत नाही. तारखेच्या आठ दिवस आधीपासून बघतो. वारा किती, झोत किती, दिशा कुठली, ढग किती उंचीवर. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर आकडा गेला की विषय संपला, मग नवरदेवाचा बाप हात जोडो नाहीतर शिव्या देवो. धंद्यातली पोरं मला वेधशाळा म्हणून चिडवतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

संक्रांतीच्या तीन दिवस आधी ताईचा फोन आला. ताई माझी सख्खी मोठी बहीण, तीस-बत्तीस वर्षं झाली, सुरतेत पांडेसऱ्याला राहते. दाजी, म्हणजे तिचा नवरा, कपडा रंगवायच्या मिलमध्ये होते. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग नावं, मग घर. फोनवर ताई रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "भाऊ, कालपासीन त्या घर नहीत. तुनं ते उडायचं यंत्र लई ये."

घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी साध्या मराठीत लिहितोय, पण ताईची काही वाक्यं तशीच ठेवलीत. ती मला बदलवत नाहीत.

पांडेसरा

आमच्या खानदेशातल्या माणसाला सुरत परकी वाटत नाही. पांडेसऱ्यात उतरलं की पानटपरीवर अहिराणी ऐकू येते, किराणा दुकानात कळण्याचं पीठ मिळतं, भाजीवाली भरताची वांगी वेगळी काढून ठेवते. फक्त हवेला रंगाचा आणि वाफेचा वास असतो आणि खाडीचं पाणी त्या दिवशी मिलमध्ये जो रंग चालू असेल त्या रंगाचं वाहतं. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा ते जांभळं होतं.

ताईने दारातच सांगितलं ते असं. दाजी शनिवारी सकाळी उठले, निळा स्वेटर घातला, मोरीतला स्टीलचा रिकामा डबा घेतला आणि "पाळीवर जातो" म्हणून निघाले. ती अंघोळीला गेलेली. पाळी संपून त्यांना तीन वर्षं झाली होती. ती ओले केस घेऊन कोपऱ्यापर्यंत पळत गेली, तोवर माणूस दिसेनासा झाला.

माझा भाचा प्रवीण तीस वर्षांचा आहे, कापड मार्केटात नोकरी करतो. दोन दिवस तो झोपला नव्हता. पोलिसांत नोंद केली होती. चौकीतला हवालदार बरा माणूस निघाला. त्याने नाक्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं. त्यात दाजी शेअर रिक्षात बसताना दिसत होते. निवांत बसले होते, डबा मांडीवर. रिक्षा कडोदऱ्याकडे जाणारी होती.

"कडोदरा का?" मी विचारलं.

"मामा, बाबा पहिल्यांदा सुरतला आले ना, तेव्हा कडोदऱ्याला लूमवर होते," प्रवीण म्हणाला. "माझ्या जन्माच्या आधी. तेच डोक्यात राहिलं असेल."

हवालदार म्हणाला, उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, बंदोबस्त आहे, दोन दिवस माणसं मिळणार नाहीत, पण तुमचा ड्रोन असेल तर शेतांवरून बघा, आमची हरकत नाही. मी लगेच ड्रोनच्या परवानगीचा नकाशा उघडला. पांडेसरा विमानतळाच्या लाल पट्ट्यात येतं, इथे ड्रोन जमिनीवरून उचलायचीसुद्धा सोय नाही. कडोदरा मात्र हिरव्या भागात होतं. मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. ताईने शेवभाजी वाढली, मी तीन भाकरी खाल्ल्या. ती माझ्या ताटाकडे बघत होती, स्वतः जेवली नाही.

संध्याकाळी आम्ही कडोदऱ्याला पोचलो. हायवेच्या कडेने लूमचे कारखाने, आतून खडखडाट येतो आणि त्यात माणसं ओरडूनच बोलतात. एका चहावाल्याने फोटो बघून लगेच मान हलवली. शनिवारी दुपारी आले होते म्हणाला. जुन्या एका लूमच्या शेडचा पत्ता विचारत होते. "मैंने बोला, वो शेड तो कब का टूट गया, काका. फिर भी बोले, मेरी दो बजे की पाळी है." त्याने त्यांना चहा दिला. चहा पिऊन दाजी मागच्या कच्च्या रस्त्याने गेले, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत ऊस होता. बाहेर पडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

अंधार पडला होता. उद्या पहाटे उडवू, असं मी ताईला फोनवर कबूल केलं.

उसाच्या कडेला

पहाटे उठून मी नेहमीप्रमाणे ॲप उघडलं. त्यात माझ्या गावांची यादी साठवलेली आहे. अमळनेर, पारोळा, चोपडा, धुळे, शिरपूर आणि शेवटी सुरत. सुरतेवर बोट ठेवलं. वारा एकतीस, झोत बेचाळीस. सकाळी तसाच, दुपारी जरा जास्तच.

मी बॅग घेतली खरी, पण चेन बंदच ठेवली. कडोदऱ्याला पोचल्यावर प्रवीणला सांगितलं, आज वारा फार आहे, दुपारपर्यंत वाट बघू. त्याने इकडे तिकडे पाहिलं. "वारा कुठे आहे, मामा?"

"खाली नसतो," मी म्हणालो. "वर असतो. साठ-सत्तर मीटरवर गेलं की वेगळीच दुनिया असते. खाली पान हलत नाही आणि वर ड्रोन उचलून नेतो."

हे वाक्य खरं आहे. मी शंभर वेळा बोललोय आणि शंभर वेळा लोक गप्प बसलेत. प्रवीणनेही ते मानलं.

जानेवारीत तिकडे ऊसतोड चालू असते. रस्त्याच्या कडेला तोडणाऱ्यांच्या पालांची रांग होती. माणसं नंदुरबारकडची. आमची बोली ऐकून एक बाई पुढे आली, साठीची असेल, कमरेला कोयता. कोठला शे, कोनले धुंडस, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "ऊसमा माणूस गया की दोन हातवरना बी दिखत नही, भाऊ. तुम्हले वरतीनच देखनं पडी." तिच्या टोळीतले सात-आठ जण काम सोडून आमच्याबरोबर आत शिरले. मुकादमाने अडवलं नाही.

ज्याने उसात शिरून पाहिलेलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. पान गालाला कापतं. दहा पावलं गेलं की आलो कुठून तेच कळत नाही. आम्ही एकमेकांचा आवाज धरून सऱ्यांमधून चालत होतो आणि "बाबा", "दाजी" अशा हाका मारत होतो. गावात सणाच्या आदल्या दिवसापासूनच गच्च्यांवर मोठे स्पीकर लागले होते. गाणी इतकी जोरात होती की चार सऱ्यांपलीकडच्या प्रवीणची हाक मला येत नव्हती. दाजींनी ओ दिली असती तरी ऐकू आली नसती, हे मला तेव्हाच कळत होतं.

दुपारी बांधावर बसून त्या बाईने आम्हाला भाकरी आणि तिखटाचा गोळा दिला. बसल्या बसल्या मी उसाकडे बघत होतो. तुरे आले होते, पांढरे, हातभर लांब, सरळ उभे. ते हलत नव्हते. मी ते पाहिलं, नाही पाहिलं असं नाही. पाहिलं आणि परत फोनमध्ये बघितलं. तेहतीस लिहिलं होतं.

"मामा, एकदा उडवून तर बघ," प्रवीण म्हणाला. "पडला तर पडला. मी नवा घेऊन देतो."

मला राग आला. पैशाचा विषय नव्हता, हे मी त्याला तडकून सांगितलं. एकच ड्रोन आहे, तो पहिल्या पाच मिनिटांत उसात पडला तर मग तुझ्या बापाला वरून कोण बघणार? मला अजून वाटतं की मुद्दा बिनचूक होता. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. मी ताक फुंकत बसलो होतो आणि समोर ताक आहे की पाणी तेसुद्धा बघत नव्हतो.

त्या दिवशी चेन उघडली नाही.

उत्तरायण

आमच्याकडे संक्रांत म्हणजे बायकांचा सण. तिळगूळ, वाण, हळदीकुंकू. पतंग पोरं उडवतात आणि मोठी माणसं त्यांना रागावतात. सुरतेत उलटं आहे. पन्नाशीचा पोटसुट्या माणूस बोटांना चिकटपट्टी गुंडाळून पहाटेपासून गच्चीवर उभा असतो, बायको फिरकी धरते, आणि दुकानं, कारखाने, सगळं बंद. उंधियू आणि जिलेबीसाठी सकाळी सहापासून रांगा. त्या दिवशी अख्खं शहर आभाळाकडे तोंड करून जगतं.

मी पहाटे साडेपाचला ॲप उघडलं. वारा अठ्ठावीस, झोत अडतीस. संध्याकाळी वाढणार.

प्रवीण बूट घालून तयार होता. मी नाही म्हणालो. शिवाय आज मांजा आहे, मी म्हणालो, काचेचा मांजा पंख्यात गेला की ड्रोन दगडासारखा खाली येतो. हेही खरं होतं, शहरात तरी. उसावर कोण पतंग उडवतंय, हे त्याने विचारलं नाही. तो एकटाच मोटरसायकल घेऊन कडोदऱ्याला गेला, परत त्या टोळीबरोबर आत शिरायला. मी म्हणालो, वारा उतरला की लगेच येतो, फोन चालू ठेव.

मग मी काय केलं? ताईच्या चाळीच्या गच्चीवर जाऊन फोन हातात घेऊन बसलो. दर पंधरा मिनिटांनी आकडा बघत होतो. शेजारच्या कांताबेन, सत्तरीच्या, नातवंडांना घेऊन वर आलेल्या. त्यांना ताईची हकिगत माहीत होती. त्यांनी माझ्यासमोर उंधियूची वाटी ठेवली आणि मी ती खाल्ली. जांभळ्या कंदाच्या फोडी, मुठिया, हिरवी लसूण. चव अजून जिभेवर आहे आणि त्याची मला शरम वाटते.

आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं वैतागली होती. पतंग वर जायचे, गोता खायचे, खाली यायचे. लोक मांज्याला ठुमके मारून मारून दमले होते. एक जण ओरडत होता, "पवन ज नथी, यार." पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी तेच म्हणालं, वाराच नाही. सकाळभर मी हे ऐकत होतो.

कांताबेननी मला विचारलं, "भाई, तमारा फोनमां पवन केटलो बतावे छे?"

"तीस," मी म्हणालो.

त्या हसल्या आणि वर न चढणाऱ्या पतंगाकडे बोट केलं. "तो पछी पतंग केम नथी चगती?"

"वर आहे, काकी," मी म्हणालो. "खूप वर."

त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाशी कशाला वाद घाला, असं त्यांना वाटलं असणार. मला वेधशाळा म्हणणारी पोरं तिथे असती तर तीही गप्प बसली असती. माझ्या बोलण्यात तसा जोरच असतो. आता मला त्या जोराची किळस येते.

दुपारी ताई वर आली. मला म्हणाली, "जमस का रे भाऊ?" वर वारा आहे म्हणत मी फोन तिच्यासमोर धरला, लाल आकडा दाखवला. ती आकडा बघून खाली निघून गेली. संध्याकाळी प्रवीण आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर आणि मानेवर उसाच्या पानांचे काप होते. तो जेवून भिंतीकडे तोंड करून झोपला.

वासी उत्तरायण

सणाच्या दुसऱ्या दिवसाला सुरतेत वासी उत्तरायण म्हणतात, त्या दिवशीही सुट्टी आणि पतंग असतातच. सकाळी मी मोरीजवळ तोंड धूत होतो. प्रवीणने चहा घेता घेता स्वतःच्या फोनवर हवामान उघडलं आणि तो मला हाक मारून म्हणाला, "मामा, याच्यात तर सहा दाखवतोय. कडोदरा टाकलं मी. कालचे पण पाच-सात आहेत."

मी ओल्या हाताने माझा फोन घेतला. माझ्यात एकोणतीस. दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. त्याच्या नकाशावर रस्ते होते, शेतं होती. मी माझा नकाशा बोटांनी मोठा केला, आणि माझ्या सुरतेच्या खुणेखाली निळं पाणी होतं.

दोन वर्षांपूर्वी हजीऱ्याला एका ठेकेदाराचं काम घेतलं होतं. समुद्राच्या अगदी काठावर, धक्क्याजवळ. तिथला वारा बघायला मी ती खूण टाकली होती आणि नाव द्यायच्या वेळी "सुरत" लिहिलं होतं. आमच्याकडे हजीरा काय, कडोदरा काय, पांडेसरा काय, सगळ्याला आम्ही सुरतच म्हणतो. पोरगा कुठे असतो, तर सुरतेला. अमळनेरात बसून एवढं पुरतं. मधे तीस-पस्तीस किलोमीटर जमीन आहे हे कोणाला लागतंय? दोन दिवस मी समुद्रावरचा वारा बघून, एकदा उसाच्या कडेला आणि एकदा गच्चीवर, बॅग बंद करून बसलो होतो.

प्रवीणला कळलं. त्याने माझ्या नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

नऊ वाजता मी ड्रोन उडवला. हवा इतकी शांत होती की ड्रोन वर जाऊन खिळ्याला टांगल्यासारखा उभा राहिला. अशी हवा लग्नाला मिळाली असती तर मी देवाला नारळ फोडला असता. पहिली बॅटरी रस्त्याच्या उजव्या हाताच्या शेतांवर गेली. काही नाही. दुसरी लावली आणि कालव्याच्या चारीच्या कडेकडेने नेला. चौथ्या मिनिटाला उसात काहीतरी चकाकलं. खाली आणला. स्टीलचा डबा होता. त्याच्या शेजारी निळा स्वेटर.

मी प्रवीणला दिशा सांगितली आणि तो पळाला. मी ड्रोन तिथेच वर धरून ठेवला, त्याला खूण म्हणून. त्यामुळे सगळं मला स्क्रीनवर आधी दिसलं. प्रवीण ऊस बाजूला करत आला, खाली वाकला, आणि मग वाकलेलाच राहिला.

दाजींचा पाय चारीत पडून घोट्यात मोडला होता. ते तिथेच उसाला टेकून बसले होते. डब्यात चारीचं पाणी होतं, अर्धं. भोवती चघळलेल्या उसाचा चोथा पडला होता. थोडाथोडका नाही, ढीग होता. खालच्या चोथ्याचा रंग काळा पडलेला आणि वरचा पांढरा, अगदी ताजा. तोड करणारी ती बाई आमच्यामागून आली. तिने चोथा हातात घेऊन पाहिला, परत ठेवला आणि पदर तोंडाला लावला. आम्ही पहिल्या दिवशी हाका मारत हिंडलो ती जागा तिथून दोनेकशे पावलांवर होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, गुजराती, हळू बोलणारे. मी विचारलं, कधी झालं असेल? मला ते विचारायलाच नको होतं. ते म्हणाले, "कल रात को. आधी रात के बाद. ठंड और कमजोरी. चार-पाच दिन निकाले इन्होंने, बहुत हिम्मत थी." प्रवीण माझ्या शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

आदल्या दिवशी मी गच्चीवर उंधियू खात होतो तेव्हा ते जिवंत होते. त्याच्या आदल्या दिवशी मी बांधावर भाकरी खात होतो, तेव्हा तर नुसते जिवंत नाही, ऊस मोडून खात होते. दोन बॅटऱ्यांचं काम होतं. मी किती वेळा हा हिशेब मांडला आणि दर वेळी तो तसाच येतो.

तापीकाठी

दहाव्यापर्यंत मी राहिलो. खरं तर पळून जायचं होतं. पण नातेवाईक येत होते आणि ताई प्रत्येकाला तेच सांगत होती. मना भाऊने शोधी काढं. भाऊ नसता तर मातीसुद्धा हाती लागली नसती. माणसं माझ्या पाठीवर हात ठेवायची. प्रवीणच्या नंदुरबारच्या एका चुलत्याने सगळ्यांसमोर माझे पाय धरले, वयाने माझ्यापेक्षा मोठा माणूस. मी त्याला उठवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. आतून ताईचा आवाज येतच होता. प्रवीण यातलं काही खोडून काढत नव्हता. तो माझ्याशी चांगलं वागत होता, पाणी आणून देत होता, मामा म्हणत होता. पण माझ्याशी बोलताना तो माझ्या खांद्यामागे कुठेतरी बघायचा.

दहाव्याला तापीवर गेलो. तापी आमच्या तालुक्याच्याही अंगाने जाते, पण इथे ती रुंद आणि मंद होऊन समुद्राकडे निघालेली असते. विधी झाले, कावळ्याने जरा वेळ घेतला, मग शिवला. माणसं पांगली. ताई पायरीवर बसून पितळी तांब्या वाळूने घासत होती. मी तिच्या शेजारी बसलो. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी हे गिळून टाकेन आणि पुढच्या लग्नात परत वाऱ्यावर भाषण देईन. मी तसा माणूस आहे, मला मी माहीत आहे.

मी सांगितलं. सगळं सांगितलं. हजीऱ्याची खूण, समुद्र, आकडा. कडोदऱ्याला दोन्ही दिवस वारा नव्हता. पहिल्याच दिवशी उडवला असता तर दाजी सापडले असते, जिवंत सापडले असते. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, कारण प्रवीणने तिला ते सांगितलं नव्हतं. ती शिव्या देईल, हात उगारेल, निदान रडेल, अशी माझी तयारी होती.

ती तांब्या घासत राहिली. मग पाण्यात बुडवून विसळला आणि उपडा ठेवला.

"माले ठाऊक व्हतं वारा नव्हता," ती म्हणाली. "गच्चीवर कपडा वाळत टाकेल व्हतात. दोन्ही दिन. एक बी हालत नव्हता."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"तू म्हने वर वारा शे," ताई म्हणाली. "माले वाटनं, तुले जास्त समजस."